सोनकीनं हात वर केला का

सोनकीनं हात वर केला का फाटकाजवयचं सगयं जग खाली बसे. थांबे नाई, बसे. कापसाच्या जिनात कामाले जानाऱ्या बाया बसत. सायकलवाले सायकल आडवी टाकून बसत. दुधाचा गुंड डोक्यावर घेतलेला गवयी गुंड मांडीवर घेऊन बसे. एक डाव तं लग्नाले निघालेला नवरदेव बाशिंगासकट धुयीत बसला. उभी फकत सोनकी. उजवा हात वर, मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डाव्या हातात भाकरीचं गाठोडं. पासिंजर धडधडत जाये, शेवटचा डब्बा वयनावर दिसेनासा होये, तवा तिचा हात खाली ये. मंग आमी उठो, मागची धूय झटको, आन जिनाकडं पयत सुटो.

ही गोष्ट वनीची. आमचा मुलूख मुंबईच्या राज्याले जोडला त्याच्या आगंमागंची. पटरीच्या अल्याड आमची बस्ती, पल्याड जिन, कापसातली सरकी काढाचा कारखाना, मधात फाटक. फाटकाले लोखंडाचा दांडा, आन थोडं दूर सिंगल. त्याच्या डोक्यावर कंदील, कधी लाल, कधी हिरवा. आता गाडीले लाल दिसला म्हनजे गाडी उभी, आमाले रस्ता मोकया. हिरवा झाला म्हनजे गाडी येऊन राह्यली, आमी थांबाचं. एवढं लेकराले बी समजते. पन मानसाची जात पाहा. कंदील लाल असला का रमतगमत जाते, पटरीच्या मधात उभा राहून तंबाखू मयते, दुसऱ्याच्या पोरीचं लग्न जमोते. हिरवा झाला, दांडा खाली याले लागला, का त्याले एकदम आठोते का आपल्याले लय जरूरी काम हाये. मंग जो तो वाकते.

वाकाच्या बी तऱ्हा होत्या. एक जाडा दुकानदार उलटा वाके, पाठीकडून, म्हनजे पोट मागून ये. डोक्यावर घागर असलेली बाई मान वाकोये नाई, गुडघ्यात बसून बदकासारखी चाले. सायकलवाला सायकल झोपोये, मंग पायडल दांड्यात अटके, आन तो सायकलीलेच शिव्या दे. एक मास्तर होते पांढऱ्या धोतरातले. ते पह्यले इकडं पाहत, तिकडं पाहत, गाडी येते का म्हनून नाई, आपल्या शायेचं कोनी पाहून राह्यलं का म्हनून. आन एक म्हातारा दांड्याखालूनच लोकायवर ओरडे, "अरे मरता का बे! गाडी येऊन राह्यली!" ओरडत ओरडत तो पल्याड निघून जाये. दोघं सोबत निघाले का एक मधातून वापस फिरे, त्याले पाहून दुसरा फिरे, तवर पह्यला पुन्हा पुढं निघे. गाडीचा डायवर शिट्टीवर शिट्टी मारे.

आता मी यवतमायले लेकाकडं राह्यते. इथी बी चौकात लाल-हिरवे दिवे लागले म्हनते. सून मले हात धरून थांबोते. मी थांबते आन लोकायकडं पाह्यते. दांडा नाई, पटरी नाई, पन मानूस तोच हाये.

तं मी पारबती. मारेगावाकडली. नवरा तापात गेला तवा माही शांता सात-आठ वर्साची होती आन धाकटा दूध पीत होता. दिरानं वावर आपल्याकडं घेतलं. मी भांडली नाई. भांडाले पोटात अन्न लागते. दोन लेकरं घेतले, एक जातं घेतलं, आन वनीले आली. जातं डोक्यावर होतं म्हनून मान खाली घालाचा परसंग आला नाई. जिनात बाया लागत, कापसातला कचरा निवडाले. मी लागली.

पह्यल्याच दिवशी पासिंजरच्या टाइमाले मी बी सगयायसारखी दांड्याखाली वाकली, तं मागून कोनं तरी माह्या लुगड्याचा काष्टा धरला. धरला म्हनजे असा धरला का मी पुढं जाती तं लुगडं मागं राह्यतं.

"ये बाई! बकरी होय का तू?"

मागं पाह्यलं तं ही! बाभयीवानी उंच, आंगात आरशायची काचोयी, घेरदार घागरा, कपायावर गोंदन.

म्या म्हतलं, "काहून व? सगये तं जाऊन राह्यले."

"दांड्याखालून बकरी जाते. मानसानं वाकाव तं देवापुढं वाकाव, लोखंडापुढं नाई. बस खाली."

"बसू कायले? उभी राह्यते ना."

"उभा मानूस पयते. बसला मानूस पयत नाई. पह्यले लोखंड, मंग मानूस. बस!"

मी बसली. खरं सांगू का, नवरा मेल्यापासून जो तो मले 'ऊठ' म्हने. ऊठ, कामाले लाग. ऊठ, घर खाली कर. 'बस' म्हननारी ही पह्यलीच.

घर पाहू लागली तं हिच्याच झोपडीच्या बाजूची झोपडी भेटली. मंग काय, सकायी हिच्यासंग जाचं, संध्याकायी हिच्यासंग याचं. सोनकी बंजाऱ्याची. घरात आपली बंजारी बोली बोले, बाहेर आमची, आन रागात दोन्ही. कोंबडीलेही ती 'चाल व याडी' म्हने, याडी म्हनजे माय, आन मंग त्याच मायले कापून खाये. तिच्या भाजीत मीठ इतकं का आमाले पानी पिऊन पोट भराव लागे. म्या एक डाव म्हतलं, "सोनके, मीठ जरा कमी टाकत जाय व."

तं म्हने, "आमचे बापदादे बैलायवर मीठ लादून मुलूखभर फिरले. तुमी मीठ चिमटीनं मोजता. आमाले ते जमत नाई."

फाटकावर बसाच्या रीतीचंही ती असंच सांगे. "आमच्या लदेनीत, म्हनजे बैलायचा तांडा माल घेऊन निघे तवा, नदी आडवी आली का सगये बसत. म्होरक्या बैल पार झाल्याबिगर कोनी उठे नाई. गाडी म्हनजे काय? लोखंडाचा म्होरक्या बैल होय."

बापदाद्यायची रीत म्हतल्यावर पुढं काय बोलाचं? आमी बसो. नव्या बाया कुरकुर करत, जुन्या त्यायले पदर धरून खाली ओढत. होता होता सायकलवाले बी बसाले लागले. एकदा तो म्हातारा आला, ओरडनारा. सोनकीनं त्याच्याकडं नुसतं पाह्यलं. तो म्हने, "मी कोठी चाललो होतो? मी तं यायले समजावून राह्यलो होतो." आन बसला.

फाटकवाला काशीराम. वायलेला मानूस, पन मिशा भरदार. रोज म्हने, "पगार सरकार मले देते आन हुकूम हिचा चालते. सोनके, घे, ही हिरवी झेंडी बी घे, मी घरी जाऊन झोपतो."

ती म्हने, "झेंडी दे. टोपी नोको. तेलकट हाये."

एक गोष्ट मले समजे नाई. कोयशाची मालगाडी आली का सोनकी कोनालेच बसोये नाई. आपनच दगडावर बसून तंबाखू मये. लोक वाकत तं वाको, बकरी होत तं होवो. म्या एकदा विचारलंच. "काय व, मालगाडी लाकडाची होय का? तिच्यापुढं नाई का पह्यले लोखंड?"

"कोयशाले काय घाई असते?" ती म्हने.

हे काही उत्तर होतं का? पन सोनकीले दुसऱ्यांदा विचारलं का ती बंजारीत सांगे, म्हनून मी गप राह्यली.

नवरदेव धुयीत बसला म्हतलं ना. वरात अल्याडून येऊन राह्यलती, पोरीवाले पल्याड धर्मशायेत. वाजंत्री, डफडे, घोडा, सगयं. दांडा पडला. सोनकीनं हात वर केला. नवरदेवाचा बाप पुढं आला, फेटा बांधलेला, लाल डोये.

"ये बाई, सर बाजूले! मुहूर्त चालला!"

"मुहूर्त दुसरा भेटन जी," सोनकी म्हने. "नवरदेव दुसरा कोठून आनसान?"

नवरदेव बिचारा घोड्यावर बसून कंटायला होता. तो आपला खाली उतरून बसला. तो बसला म्हनून करवली बसली, वाजंत्रीवाले बसले, डफडं बसलं. आता पल्याडून पोरीवाल्यायनं पाह्यलं, का सगयी वरात रस्त्यात बसली. त्यायले काय मालूम फाटकाचं? त्यायले वाटलं वरात रुसली! काहीतरी मानपान राह्यला. झालं, पोरीचा मामा धोतराचा सोगा हातात घेऊन, एका बगलेत फेटे, एका हातात नारय, गाडी गेल्याबराबर पटरी वलांडून धावत आला आन व्याह्याच्या पायाशी पडला. "काय चुकलं असन तं पोटात घाला जी." नवरदेवाच्या बापानं एकदा सोनकीकडं पाह्यलं, एकदा फेट्याकडं पाह्यलं. "आता असू द्या," म्हने, आन फेटे घेतले. जाता जाता हयूच सोनकीले म्हने, "बाई, माह्या धाकट्याचं लग्न पुढच्या साली हाये. अससीन ना?"

असे हसत दिवस जात. पन फाटकाच्या अन् भोंग्याच्या मधात आमी पिसल्या जाओ. जिनाचा भोंगा पासिंजरच्या पाठोपाठच होये. भोंग्याच्या आत दारात पाय पडला तं हजेरी, नाई तं वापस घरी. दांड्याखालून वाकनाऱ्या बाया टाइमावर पोचत. आमी बसनाऱ्या, शेवटचा डब्बा वयनाआड जाओस्तर हात खाली येन्याची वाट पाहनाऱ्या, धापा टाकत पोचो. जुना मुकादम भला मानूस होता, दाराशी खोकत उभा राहे, आमी आत शिरलो का खोकला थांबे. मंग नवा आला. त्याले खोकला नव्हता.

ऐन हंगामात एक दिवस पासिंजर जरा उशिरा आली. आमी पोचलो तं दार बंद. अर्ध्या बाया रडत वापस गेल्या. दुसऱ्या दिवशी नवा मुकादम दारातच उभा.

"सोनकी कोन होय?"

"मी जी."

"फाटकावर लोकायले बसोते ते तूच का?"

"हो जी."

"उद्यापासून कोनाले बसोलं तं जिनात पाय ठेवू नोको. अठीच नाई, दुसऱ्या जिनात बी सांगून ठेवीन. समजलं?"

"समजलं जी," सोनकी म्हने.

आमाले वाटलं, चला, झगडा मिटला. उद्यापासून सुखानं वाकू. तं संध्याकायी वापस येताना ही म्हनते कशी, "पारबती, उद्यापासून तू एकटी जात जाय. मी जिन सोडलं."

बाकीच्या बाया मनातून खूश झाल्या असतीन, पन तोंडानं म्हनत, "काय अड्डेल बाई होय व! पोटापेक्षा फाटक मोठं का?"

मी घरी आली. लेकरायले भाकर दिली, आन तिच्या चुलीपाशी जाऊन बसली. ती भाकर थापून राह्यलती. हातावर थापे ती, परातीत नाई.

"सोनके," म्या म्हतलं, "काहून व असं करते? हंगाम गेल्यावर खाशीन काय? बांगड्या?"

"खाईन काहीबी."

"बापदाद्यायची रीत होय, मानलं. पन बापदादे काय येऊन पाहून राह्यले का, तू फाटकावर लोकायले बसोते का नाई ते?"

तिनं भाकर तव्यावर टाकली. बोटानं उलटोली. मंग म्हने, "रीत नाई ती. तसं काही नसते. नदी लागली का आमचे लोक बैलाचं शेपूट धरून आधी उड्या मारत."

मी चुलीपाशी आनखी सरकली.

"मले एक भिया हाये पारबती, भाऊ. रामधन. मायबाप गेले तवा एवढासा होता. माह्याच हातचं लेकरू. मिसरूड फुटली नव्हती तवा ठेकेदारासंग गेला, चांद्याकडं, कोयशाच्या खानीत. म्हने दिवायीले येतो. आन दिवायीच्या आधी आमच्या तांड्यात पटकी आली. अर्धे मेले, बाकीचे पयाले. झोपड्या जायल्या. मी अठी आली. आता तो तांड्यावर येईन तं तठी नुसत्या बाभयी हायेत. कोन सांगन त्याले, सोनकी कोठी गेली?"

"मंग फाटकावर...?"

"चांद्याकडून याची झाली तं तीच एक सकायची पासिंजर. वनीचं टेसन याच्या आधी फाटक लागते. गाडीत तो असला तं त्याले मी दिसली पाह्यजे. आमी डोंगरात ढोरं चारो तवा मी असा हात वर करो, तं कोठूनबी धावत ये. पन फाटकावर एवढ्या बाया उभ्या असल्या, त्यात बंजाऱ्याच्याच चार, तं धावत्या गाडीतून सोनकी कोनती ते त्याले कसं समजन? म्हनून तुमाले बसोते."

चुलीतलं लाकूड तिनं मागं ओढलं. म्या म्हतलं, "मले वाटलं नवऱ्याची वाट पाह्यते का काय."

"नवऱ्यासाठी हात वर केला असता, पन हातात दगड असता." ती हसली. तिचा नवरा दुसरी करून गेलता, त्याचं तिले काही दुःख नव्हतं.

"पन व," म्या म्हतलं, "इतके वर्सं झाले. त्याले मिशा आल्या असतीन, आंग भरलं असन. तू ओळखशीन का?"

"मी कायले ओळखू? पह्यले मी खिडकीखिडकीत पाहो. रोज एवढे तोंडं पाह्याचे, आन एकबी आपलं नाई. मन मोडते. आता नाई पाहत. मले पाह्याचं नाई पारबती, मले दिसाचं हाये. पाह्याचं काम त्याचं."

"हे आमाले सांगतलं असतं तं आमी काय बसलो नसतो का?"

"बसले असते. पन 'बिचारी' म्हनून बसले असते. 'खवीस हाये' म्हनून बसता, ते बरं. घे, भाकर खा."

भाजीत मीठ होतंच. म्या मुकाट्यानं खाल्ली.

सकायी मी जरा लवकर निघाली आन काशीरामले सगयं सांगतलं. दुसऱ्या कोनालेच नाई. तो मिशीले पीय देत ऐकत राह्यला. मंग कंदिलाची काच पुसाले लागला. मले वाटलं, दगडापुढं बोलली.

पासिंजरचा टाइम झाला. सोनकी आली. कामाले जाचं नव्हतं तरी आलती, दूर बाभयीखाली एकटी उभी. आमी सगया दांड्याशी. सवयीनं दोन-तीन बाया बसल्या, मंग लाजून उठल्या. तेवढ्यात काशीराम सरकारी आवाजात ओरडला.

"ये सोनके! फाटकावर लोकायले बसोनं आजपासून बंद! वरून हुकूम हाये!"

"मी कोठी बसोते?" ती तिथून म्हने.

"तुहा भरोसा नाई. तू इकडं ये. माह्या नजरंसमोर राह्य. चढ या ओट्यावर!"

काशीरामच्या खोलीपुढं दगडाचा उंच ओटा होता. गाडी आली का तो त्यावर उभा राहून हिरवी झेंडी दाखोये. दुसऱ्या कोनालेच तिथी पाय ठेवाची परवानगी नव्हती. एकदा बकरी चढली तं त्यानं तिच्या मालकाले दिवसभर शिव्या दिल्यात्या.

सोनकी काही समजली नाई. काशीरामकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. म्या आपला पदर सावरला. मंग ती चढली. आधीच बाभयीवानी उंच, त्यात ओटा. आमच्या डोक्यायच्या वर पुरी बाई दिसे. पासिंजर आली, काशीरामची झेंडी आडवी, सोनकीचा हात उभा. गाडी गेल्याबराबर दांडा वर झाला, आमी निघालो, भोंग्याच्या आत जिनात. आन सोनकी? ती वयनाआड गाडी जाओस्तर तिथीच, मंग घागरा वर खोचून अशी पयत आली का आमाले मागं टाकून दारात पह्यली. मुकादमाले वाटलं आपन जितलो. वाटू दे.

तवापासून सोनकी ओट्यावरच. काशीराम लोकायले सांगे, "हिले नजरकैदेत ठेवलं हाये."

असे लय हंगाम गेले. माही शांता मोठी झाली, वरोऱ्याकडं दिली. तिचं पह्यलं बायतपन आलं तवा मी गेली. पोरगी झाली, माय-लेकी सुखरूप. सव्वा महिना राह्यली आन सकायच्या पासिंजरनं वापस निघाली. इतके वर्सं त्या गाडीले रस्ता दिला, पन तिच्यात सकायच्या टाइमाले बसून वनीत मी कधी आली नव्हती.

वनी जवय आली तं डब्ब्यात गडबड सुरू झाली. मले वाटलं उतराची तयारी. तं लोक एकाच बाजूच्या खिडक्यायकडं सरकाले लागले. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. एका बाईनं लेकराले उठोलं, त्याचे दोन्ही हात धरून जोडले.

"काय होय जी?" म्या म्हाताऱ्याले विचारलं.

"फाटकाची देवी, बाई. पह्यल्यांदा येऊन राह्यली का? हात जोड. दर्सन होते."

म्या वाकून पाह्यलं. दूर, शेतायच्या पल्याड, अजून फाटक दिसत नव्हतं, झोपड्या दिसत नव्हत्या, पन ती दिसे. ओट्यावर उभी, हात वर, उन्हात बांगड्या चमकत होत्या, काचोयीचे आरसे चमकत होते. गाडी जवय आली, डब्ब्यातले सगये हात जुडले. "जय माते!" कोनं तरी म्हतलं. सोनकीची नजर सरय समोर, कोनाच्याच तोंडाकडं नाई. देवीवानीच.

"अजी, देवी कायची!" म्या म्हतलं. "सोनकी होय ती. माही शेजारीन. भाजीत मीठ जास्त टाकते."

"बाई, असं बोलू नये," म्हातारा घाबरला. "जीभ झडते."

लेकरू घेतलेली बाई म्हने, "म्या नवस बोलला आन हा झाला. तुमी काय बोलता!"

"रोज आशीर्वाद देते," आनखी एक मानूस म्हने. "म्हनून तं या फाटकावर कधी मानूस कटला नाई."

हे खरं होतं. कटला नव्हता.

टेसन याले थोडाच टाइम होता. म्या जिंदगीत कोनापुढं पदर पसरला नाई. दिरापुढं नाई, मुकादमापुढं नाई. पन ते जुडलेले हात अजून खाली आले नव्हते, आन मले वाटलं, रिकामे कायले जाव.

"बरं जी," म्या म्हतलं, "देवी तं देवी. पन ती हात कायले वर करते ते तुमाले मालूम हाये का?"

"आशीर्वाद..."

"नाई. तिचा भाऊ हरवला हाये. त्याले बलावते."

खिडक्यायतले डोके माह्याकडं फिरले.

"देवीचा भाऊ?" म्हाताऱ्यानं टोपी पुन्हा काढली.

"हो. रामधन नाव हाये. चांद्याकडं कोयशाच्या खानीत गेलता. बंजाऱ्याचा. कोनाले भेटला तं एवढंच सांगा, सोनकी वनीच्या फाटकाशी हाये."

"दिसाले कसा हाये?" नवसवाली बाई म्हने.

"मले नाई मालूम. तुमी नुसतं नाव घ्या. तो तिले ओळखन."

टेसन आलं. लोक उतरले. कोनी मारेगावाच्या मोटारीत बसलं, कोनी पांढरकवड्याच्या, दोन पोट्टे खांद्यावर घमेले घेऊन खानीकडं गेले. म्हातारा जाता जाता पुटपुटत होता, "रामधन, रामधन", जसं बाजारातून काय आनाचं ते घोकतात तसं.

घरी आली तं सोनकी म्हने, "नात कशी हाये व?"

"तुह्यासारखी. रडली का दोन गावायले ऐकू जाते."

बाकीचं म्या काही सांगतलं नाई. दुसऱ्या दिवशी गाडी आली आन गेली. तिसऱ्या दिवशीबी. मले वाटलं, गेलं ते नाव वाऱ्यावर.

मंग एक दिवस सिंगल हिरवा झाला, दांडा पडला, सोनकी ओट्यावर चढली आन हात वर केला. पासिंजर आली. आन एका खिडकीतून मानूस अर्धा बाहेर आला, माह्या डब्ब्यातला म्हाताराच तो, टोपी हातात, आन गाडीच्या धडधडीत जीव तोडून ओरडला, "देवी माय! रामधन वरल्या खानीत नाई! खालच्या खानीत मानूस धाडला हाये!" ते होते न होते तं मागच्या डब्ब्यातून त्या नवसवाल्या बाईचा आवाज, "माह्या मोठ्या दिरालेबी सांगतलं! रामधन! नाव ध्यानात हाये!"

गाडी गेली. दांडा वर झाला. बाया निघाल्या. काशीराम झेंडी गुंडायाची विसरला.

सोनकीचा हात वरच होता. ती गाडीमागं पाहत नव्हती. माह्याकडं पाहत होती.

"पारबती," ती म्हने, "त्यायले माह्या भियाचं नाव कोनं सांगतलं व?"

म्या पदर कमरेले खोचला.

"मले काय मालूम? चाल लवकर, भोंगा झाला."

भोंगा अजून झाला नव्हता.